घरच्या प्रेग्नन्सी किटवर किती भरवसा ठेवायचा?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २४. पाळी चुकून नऊ दिवस झाले. चुकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मेडिकलवरून किट आणून तपासलं, तर एकच रेघ आली. काल आशाताईंनी दिलेल्या किटवर केलं, तर दुसरी रेघ दिसून रायली, पण लय फिक्की. सासूबाई म्हणतात, या किटचं काही खरं नसते. जाऊबाई म्हणतात, दिवस गेले. दोन किट दोन गोष्टी सांगतात, तर मानायचं कोणाचं? आणि कापूस वेचायला जाणं चालू आहे, ते बंद करू का?

उत्तर:

ताई, तुमची दोन्ही किट खरं बोलली असण्याचीच शक्यता जास्त आहे. पहिल्या किटने पाळी चुकल्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगितली, दुसऱ्याने त्यानंतर आठवडाभराची. कालची रेघ रंगीत असेल आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या आत तुम्ही ती पाहिली असेल, तर तुम्ही गरोदर आहात असंच धरून चाला. फिक्की असली तरी ती रेघच. आता हे मी कशाच्या जोरावर सांगते ते नीट सांगते, कारण हाच प्रश्न आमच्याकडे रोज कुणी ना कुणी घेऊन येतं.

किट शोधतं ते एचसीजी नावाचं संप्रेरक. संबंध आला, बीज फळलं, की लगेच हे तयार होत नाही. फळलेलं बीज नळीतून गर्भाशयात उतरतं, अस्तरात रुजतं, आणि ज्या पेशींपासून पुढे वार बनते त्या पेशी मग एचसीजी सोडू लागतात. बीज बाहेर पडल्यापासून रुजेपर्यंत साधारण ६ ते १२ दिवस जातात, बहुतेकींचं आठव्या ते दहाव्या दिवसात होतं. त्यानंतर पहिले काही आठवडे एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं. आपल्याकडच्या बहुतेक किटना रेघ दाखवायला एक मिलिलिटर लघवीत साधारण २० ते २५ मिलि-युनिट एचसीजी लागतं. पाळी चुकते त्या दिवशी कुणाचं जेमतेम तिथवर पोचलेलं असतं, कुणाचं शेकड्यात गेलेलं असतं, आणि कुणाचं बीज अजून रुजलेलंच नसतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००१ साली हेच मोजून दाखवलं: पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशी शंभरातल्या सुमारे दहा गर्भधारणा अजून रुजलेल्याच नसतात, म्हणजे कितीही चांगलं किट आणलं तरी त्या दिवशी ते ‘नाही’च म्हणणार. पेरणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर उभं राहून उगवण मोजण्यासारखं ते आहे. आठवडाभर थांबलं तर ९७ टक्क्यांपर्यंत गर्भधारणा ओळखता येतात, असंही त्याच अभ्यासात आढळलं.

डब्यावर छापलेला ‘९९ टक्के अचूक’ हा आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे समजून घ्या. प्रयोगशाळेत एचसीजीचं प्रमाण ठाऊक असलेले नमुने घेऊन, शिकलेल्या माणसाने, वेळ पाळून केलेल्या तपासणीचा तो आकडा असतो. घरात सकाळी चुलीवर चहा ठेवून, न्हाणीघरात मोबाइलच्या उजेडात, कुणी बघायच्या आत उरकलेल्या तपासणीचा तो नसतो. म्हणून मी बायकांना इतकंच सांगते: नीट वाचलेली ‘हो’ची रेघ जवळपास नेहमी खरी असते, आणि ‘नाही’ ही फक्त त्या दिवसापुरती खरी असते. पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा तपासायचं. तुम्ही न सांगता नेमकं तेच केलंत.

पाळी ‘चुकली’ हे ठरवतानाही घोळ होतो. ज्यांची पाळी २८-३० दिवसांनी येते त्यांचा हिशेब सोपा. पण पस्तीस-चाळीस दिवसांनी येणाऱ्या, कधी लवकर कधी उशिरा येणाऱ्या बाईत बीजच उशिरा बाहेर पडतं. ती तिसाव्या दिवशी तपासून ‘नाही’ आली म्हणून निश्चिंत होते, आणि रुजणं त्यानंतर होतं. अशा बाईने पाळीकडे न पाहता शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजावेत आणि मग तपासावं. तारीख लक्षात नसली तरी आपल्याकडच्या बायका सणावरून बरोबर सांगतात. “पोळा झाला अन् चौथ्या रोजी आली होती,” असं कुणी सांगितलं की मी कॅलेंडर काढून तारीख लिहून घेते, आणि ती बहुधा सोनोग्राफीशी जुळते.

आता रेघ वाचण्याबद्दल, कारण जास्तीत जास्त गडबड इथेच होते.

किटच्या आत कागदासारखी पट्टी असते. तिच्या सुरुवातीला सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली अँटिबॉडी असते, तोच तो लालसर-जांभळा रंग. लघवी पट्टीवरून पुढे सरकते तशी ती या कणांना सोबत नेते. एचसीजी असेल तर ते कणांना धरतं, आणि ‘टी’ अक्षराच्या, म्हणजे तपासणीच्या रेघेच्या जागी बसवलेली दुसरी अँटिबॉडी त्या जोडीला अडवते. कण साठतात, रेघ उमटते. उरलेले कण ‘सी’ अक्षरापाशी, म्हणजे किट चाललं की नाही हे दाखवणाऱ्या रेघेपाशी अडतात. म्हणून ‘सी’ची रेघ आलीच पाहिजे. ती नाही आली तर ‘टी’वर काहीही दिसो, ते किट फेकून द्यायचं. पण ‘सी’ आली म्हणजे किट पूर्ण धडधाकट आहे असंही नाही. लघवी शेवटपर्यंत पोचली आणि रंग चालला, एवढंच ती सांगते. ‘टी’ची ताकद उन्हाने अर्धी झाली असेल तर ‘सी’ ते सांगणार नाही.

आपल्या भागात हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक किटवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, काहींवर ४०. चंद्रपूर, अकोला, यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या पेटीत त्याहून जास्त. उन्हाळाभर अशा पेटीत, नाहीतर गाडीच्या डिक्कीत राहिलेल्या किटची ‘नाही’ मी मानत नाही. पावसाळ्यात उलट: पाकीट फोडून ठेवलेल्या किटला ओल लागते. आशाताईंना मी नेहमी सांगते, किट घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, माठाजवळच्या भिंतीला पण ओलीपासून लांब ठेवा, आणि मुदतीची तारीख पाहून द्या. फोडल्यावर लगेच वापरायचं, आतली ओल शोषणारी छोटी पुडी टाकून द्यायची. सरकारी ‘निश्चय’ किट फुकट मिळतं म्हणून हलकं, आणि मेडिकलवरचं ‘प्रेगा न्यूज’ किंवा ‘आय-कॅन’ महाग म्हणून भारी, असं काही नाही. तत्त्व तिन्हींचं एकच.

लघवी सकाळची पहिली घ्या, रात्रभर साठलेली घट्ट असते. दिवस भरपूर वर गेल्यावर कोणत्याही वेळची चालते, पण पहिल्या दहा-पंधरा दिवसांत सकाळचीच. लघवी लागावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊन तपासणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. त्याने लघवी पातळ होते आणि फिक्की रेघही जाते. भांडं कोरडं, साबण न लागलेलं हवं. किट सपाट जागी ठेवून पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका, बहुतेकांवर तीन. जास्त ओतलं की पट्टी बुडते. मग घड्याळ लावून ५ मिनिटांनी पाहा. १० मिनिटांनंतर पाहू नका.

आमच्या ओपीडीत बायका कालचं किट रुमालात गुंडाळून जपून आणतात. मी ते खिडकीपाशी नेऊन तिरपं करून पाहते. रंगाची रेघ असेल तर ती ‘सी’सारखीच गुलाबी-जांभळी आणि तितकीच रुंद असते, फक्त फिक्की. दुसरी एक रेघ असते करडी, रंग नसलेली, पेन्सिलने हलकं ओढल्यासारखी, कधी अर्धीच. लघवी सुकताना ती उमटते आणि तिला काही अर्थ नाही. पण कालच्या किटवर मी निकाल देत नाही, नवीन करायला लावते. तुमची रेघ तुम्ही नेमकी किती वेळाने पाहिलीत हे तुम्ही लिहिलेलं नाही. शंका असेल तर दोन दिवस सोडून सकाळी एकदा करा. गरोदरपण नीट वाढत असेल तर रेघ बहुधा गडद दिसेल. रोज उठून करू नका. एका डब्यातल्या दोन किटमध्येही रंगाचा थोडा फरक असतो, आणि बाई उगाच घाबरते. रेघेच्या रंगावरून मुलगा-मुलगी कळत नाही, जुळं कळत नाही. मुलगा की मुलगी हे दुसरीकडे विचारायलाही जाऊ नका, १९९४च्या कायद्याने तो गुन्हा आहे. मीठ, साखर, टूथपेस्ट टाकून फेस पाहण्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांत काडीचं तथ्य नाही. फेस कुणाच्याही लघवीने येतो.

‘हो’ आली आणि गर्भ नाही, असं कधी होतं? गर्भपात किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर एचसीजी रक्तातून जायला काही आठवडे लागतात. मूल होण्याच्या उपचारात एचसीजीचंच इंजेक्शन दिलं असेल, तर पुढचे दहा-चौदा दिवस किट त्या औषधालाच ‘हो’ म्हणतं. अंडाशयाच्या काही गाठींत, पाळी जाण्याच्या वयात, क्वचित असं दिसतं. तापाच्या, दुखण्याच्या गोळ्यांनी, अँटिबायोटिकने, कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनी खोटी रेघ येत नाही. आणि एक प्रकार असा की आज फिक्की रेघ आली, चार-पाच दिवसांनी पाळी आली. बाई म्हणते किट खोटं निघालं. ते खरंच होतं. बीज रुजलं आणि टिकलं नाही. असं पुष्कळदा होतं, बहुतेक वेळा गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे. तिने उचललेल्या पाण्याच्या हंड्याने किंवा खाल्लेल्या पपईने ते झालेलं नसतं, आणि तिला घरात कुणी बोल लावू नये.

या यादीतला गर्भपाताचा मुद्दा थोडा लांबवून सांगते, कारण त्यात जीव गेलेले आहेत. नको असलेल्या गरोदरपणात मेडिकलवरून गोळ्या आणून घरीच घेतल्या जातात. रक्त जातं, मग आठ-दहा दिवसांनी बाई किट करते, रेघ येते, आणि ती घाबरून दुसऱ्यांदा गोळ्या घेते. शेजारच्या तालुक्यातून आलेली अशी एक बाई मला आठवते. पहिल्याच गोळ्यांनी गर्भपात पूर्ण झाला होता, रेघ उरलेल्या एचसीजीची होती. दुसऱ्या डोसनंतर इतकं रक्त गेलं की नखं पांढरीफट्ट, उभी राहिली तर चक्कर. रक्त चढवून वाचली. गोळ्यांनंतर तीन-चार आठवडे किटवर भरवसा ठेवता येत नाही. डॉक्टरकडे तपासून घ्यायचं. आणि गोळ्या डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यायच्या, त्याही ९ आठवड्यांच्या आत. १९७१च्या कायद्याने गर्भपात कायदेशीर आहे, २०२१च्या सुधारणेनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत करता येतो, आणि डॉक्टरने नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. लपून करण्याची गरज नाही.

आता उलट बाजू. बाई गरोदर आणि किट ‘नाही’. लवकर तपासणं, पातळ लघवी, खराब किट हे सांगून झालं. याशिवाय दिवस बरेच वर गेले असतील तरी किट फसू शकतं. एचसीजी आठव्या ते अकराव्या आठवड्यात कळसाला असतं, लाखाच्या घरात. इतकं झालं की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या व्यापल्या जातात, जोडी बनत नाही, रेघ फिक्की होते किंवा उमटतच नाही. एचसीजीचे तुकडेही लघवीत येतात, तेही काही किटना गोंधळात टाकतात. द्राक्षगर्भात, म्हणजे वारेच्या जागी द्राक्षांसारखे फुगे वाढतात त्या दोषात, तर हे जास्तच. अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर एकही पाळी न येता पुन्हा दिवस जातात. ती चौथ्या महिन्यात “पोटात काहीतरी हलून रायलं” म्हणत येते, आणि म्हणते किट तर नाही म्हणते. तिथे किट बाजूला ठेवून पोट तपासायचं आणि सोनोग्राफी करायची.

पाळी नाही, दोनदा आठवड्याच्या अंतराने केलेलं किटही ‘नाही’, मग कारण दुसरीकडे शोधा: थायरॉइड, पीसीओडी, अंगावर पाजणं, फार घटलेलं वजन. सरकारी दवाखान्यातलं कुटुंबनियोजनाचं ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेणाऱ्या पुष्कळ बायकांची पाळी बंदच होते, ‘छाया’ गोळीने लांबते. दोन्ही ठरल्या वेळेवर घेतली असतील तर दर महिन्याला किट फोडायची गरज नाही, चुकली असतील तर जरूर तपासा. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढे होते, त्याहून लांबली तर तपासा. “पाळी आणायची गोळी द्या, नाही आली तर समजू गरोदर आहे” हा हिशेब मात्र सोडून द्या. किटसारखी सोपी तपासणी हाताशी असताना गरोदरपणात विनाकारण संप्रेरकाची गोळी पोटात का घालायची?

आणि किटला एक गोष्ट अजिबात कळत नाही: गर्भ कुठे आहे. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर, बहुतेक नळीत रुजतात. किटवर तिथेही दोन रेघा, अगदी तशाच. रेघ आल्यानंतर ओटीपोटात एका बाजूला सारखं दुखत असेल, थोडंथोडं रक्त जात असेल, चक्कर येत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. नळी फुटली की पोटात रक्त साठतं, बाहेर फारसं दिसत नाही. त्या वेळी १०८ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय आहे तिथेच जा. आधीच्या वेळी असं झालेलं असेल, नसबंदी किंवा तांबी असताना रेघ आली असेल, तर दुखत नसलं तरी लगेच तपासून घ्या.

तुमच्या वेचणीबद्दल. पोटात दुखत नसेल, रक्त जात नसेल, तर वेचायला जायला हरकत नाही. गाठोडं मात्र डोक्यावर घेऊ नका, ते दुसऱ्याला उचलू द्या. पाणी सोबत ठेवा, मधे बसा. फवारणीपासून पूर्ण लांब राहा: औषध कालवणं, पंप भरणं, फवारलेले कपडे धुणं, त्याच दिवशी फवारलेल्या शेतात शिरणं, काहीच नको. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही.

फोलिक अ‍ॅसिडची गोळी आजपासून सुरू करा, उपकेंद्रात फुकट मिळते. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच बंद होत असते, म्हणून महिना-दोन महिने थांबून नाव नोंदवण्यात ही गोळी वाया जाते. १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करा. त्यात हिमोग्लोबिन, रक्तगट, बीपी यांसोबत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मागून घ्या. विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे, आणि तुम्ही दोघंही वाहक निघालात तर गर्भाची पुढची तपासणी करायची वेळ साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपासच येते. उशीर झाला तर तो पर्याय हातचा जातो. यजमानांना सोबत न्या, त्यांचंही रक्त लागेल. सातव्या-आठव्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळला एक सोनोग्राफी करून घ्या. गर्भ गर्भाशयातच आहे आणि ठोके आहेत, हे त्यात दिसेल.

सासूबाईंनाही बरोबर आणा, त्यांच्या शंका मी त्यांच्याशीच बोलेन. वापरलेलं किट आणायची गरज नाही. शेवटची पाळी ज्या दिवशी आली ती तारीख, किंवा दसऱ्याच्या किती दिवस आधी-नंतर ते, कागदावर लिहून आणा.